कौलावर न फेकलेला दात

दिवाळीची सुट्टी लागली आणि आईला घेऊन मी भावाकडे भेस्तानला गेले. भेस्तान म्हटलं तर आपल्याकडे कुणाला कळत नाही, ‘सुरत’ म्हणावं लागतं. मुंबईकडून जाताना सचिन गेलं की भेस्तान, मग उधना, मग सुरत. लांब पल्ल्याच्या गाडीनं आलं की सुरतेला उतरायचं आणि रिक्षानं पुन्हा मागं यायचं. धाकटा भाऊ पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये गेली सतरा वर्षं आहे. भावजय गोकाकची, माहेर सगळं कन्नड. त्यामुळे माझा अकरा वर्षांचा भाचा आईशी कन्नड बोलतो, बापाशी मराठी, शाळेतही मराठीच (सुरत महानगरपालिकेच्या मराठी, उडिया, तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत बरं का!), खाली मैदानात हिंदी आणि दुकानात गुजराती. त्यांच्या पाच मजली इमारतीत एक घर धुळ्याचं, एक गंजामचं, एक आझमगढचं आणि अगदी समोरचं सौराष्ट्रातल्या एका हिरे घासणाऱ्याचं. तिकडे त्यांना ‘रत्नकलाकार’ म्हणतात. किती सुंदर शब्द! आपल्याकडे विडी वळणाऱ्या बाईला असा एखादा शब्द कुणी दिला नाही. असो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचा खालून क्रिकेट खेळून आला तो तोंडावर हात धरूनच. हात काढला तर ओठातून रक्त आणि वरचा पुढचा दात निम्मा गायब. पळता पळता पार्किंगच्या कठड्यावर तोंड आपटलं होतं. भावजय ओरडली, ‘अय्यो, हल्ल मुरदैति!’ आणि रडायलाच लागली. पोरगा मात्र रडत नव्हता. त्यानं दुसरी मूठ उघडली. मुठीत दाताचा तुकडा होता.

आईनं तो उचलला, पदराला पुसला आणि सरळ दाराकडे निघाली. ‘कुठं निघालीस?’ म्हटलं. ‘कौलावर टाकायला नको का?’ म्हणाली. मग दारातच थबकली, कारण भेस्तानच्या पाच मजली इमारतीला कौलं कुठली! ‘गच्चीवर तरी टाकते,’ म्हणाली.

‘आई, तो तुकडा टाकू नकोस!’ मी इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली.

माझ्या ओरडण्याला तीस-बत्तीस वर्षांचं कारण होतं, ते आधी सांगते. १९९३ साल. मी तेरा वर्षांची. निपाणीजवळच्या आमच्या गावात बोअरिंगवर पाणी भरताना दांडा सटकून तोंडावर बसला आणि पुढच्या दाताचा मोठा टवका उडाला. आईनं तो शोधून काढला, शेणाच्या गोळ्यात घातला आणि कौलावर फेकला. आपल्याकडे पडलेला दात असाच फेकतात. मराठी घरात तसं आणि भावजयीच्या गोकाककडच्या कन्नड घरातही तसंच! पण ती रीत दुधाच्या दाताची. दुधाचा दात पडला की खालून नवा येतो. तेरा वर्षांच्या मुलीला तिसरा दात कुठून येणार? हे आईला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. वर्षभर मी रोज आरशात बघत होते. दात काही वाढला नाही. पुढं तो आतून मेला, राखाडी झाला, मग काळा. कॉलेजात असताना मी तोंडावर हात ठेवल्याशिवाय हसत नसे. २००४ साली, लग्न ठरायच्या आधी, एका डॉक्टरांनी तो काढला आणि जागा भरून काढण्यासाठी दोन्ही बाजूंचे अगदी धडधाकट दात तासून त्यांच्यावर तीन दातांचा सलग ‘ब्रिज’ बसवला. एका दातासाठी तीन! डॉक्टरांचं नाव घेत नाही. तेव्हा ती रूढ पद्धत होती. पण तासण्यापूर्वी मला कुणी विचारलं नाही हेही खरं. आता त्या ब्रिजच्या कडेला हिरडीजवळ काळसर रेघ दिसते, कारण चिनी मातीच्या आत धातू आहे आणि हिरडी जरा वर सरकली की तो डोकावतो.

मग तुकड्याचं मला कसं माहीत? दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या एनएसएस शिबिरात दंतवैद्यकाचे विद्यार्थी आले होते. त्यांनी सांगितलेलं एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की दाताचा तुकडा पडला तर तो कोरडा होऊ देऊ नका, दुधात किंवा पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. ते ऐकताना मी मागच्या बाकावर बसले होते आणि माझा हात आपोआप तोंडाकडे गेला होता.

भावजयीनं सुमुलच्या दुधाची पिशवी फोडली, स्टीलच्या वाटीत दूध ओतलं, त्यात तुकडा टाकला आणि ती वाटी आईनं दोन्ही हातांत धरली, देवाचं तीर्थ धरावं तशी. रिक्षात खड्डा आला की ‘सावकाश रे बाबा!’ म्हणून ड्रायव्हरला दटावत होती. तो बिचारा बिहारचा, त्याला काय कळलं कोण जाणे, पण सावकाश चालवली.

दवाखाना भेस्तानमध्येच, एका दुकानाच्या वर. डॉक्टरबाई तरुण, मूळच्या अमळनेरकडच्या, बोलण्यात अहिराणीचा हेल. वाटी बघून त्यांचा चेहरा खुलला. ‘दुधात आणला? किती लोक कागदात गुंडाळून आणतात, नाहीतर आणतच नाहीत!’ कोरडा पडलेला तुकडा पांढराफटक होतो आणि चिकटवल्यावर रंगात मिसळत नाही, ओला राहिला तर तसाच राहतो, हे त्यांनी सांगितलं. एक्स-रे काढला. मूळ शाबूत होतं. आतली नस उघडी पडली नव्हती. म्हणजे रूट कॅनलची तूर्त गरज नाही. आईनं एवढं ऐकून डोळे मिटले.

पुढचा पाऊण तास मी त्या खुर्चीच्या मागं उभी राहून पाहिलेलं सांगते, कारण ‘दात बसवला’ या दोन शब्दांत काय काय असतं हे मलाही माहीत नव्हतं.

आधी त्यांनी तुटलेल्या दाताला आणि तुकड्याला निळं, जेलीसारखं काहीतरी लावलं. ते फॉस्फोरिक आम्ल. पंधरा-वीस सेकंद ठेवून पाण्याच्या फवाऱ्यानं धुतलं आणि वाळवल्यावर दाताचं चकाकणारं टोक खडूसारखं मलूल दिसायला लागलं. भाऊ मिलमधून तसाच आला होता, अंगावर रंगाचे डाग. तो घाबरून म्हणाला, ‘ॲसिडनं दात खाल्ला की हो!’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘थोडासा खायलाच हवा. गुळगुळीत काचेवर काही चिकटतं का? आम्लानं इनॅमलला डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं पडतात. त्यात पातळ रेझिन उतरतं, घट्ट होतं आणि मुळ्या रोवल्यासारखं धरून बसतं.’

‘म्हणजे आमचं वेट रिडक्शनच!’ भाऊ एकदम म्हणाला. सुरतेच्या मिलमध्ये पॉलिएस्टरचं कापड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात फिरवतात. सोडा धाग्याचा वरचा थर खातो, कापडाचं वजन कमी होतं आणि त्याला रेशमासारखा मऊपणा, पडता पदर येतो. खाल्ल्याशिवाय बसत नाही, हे भावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. गंमत म्हणजे ही आम्लाची युक्तीही कारखान्यातूनच आली आहे. अमेरिकेतले मायकेल बुनोकोर यांनी १९५५ मध्ये ती मांडली. धातूच्या पत्र्यावर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावत असत, ते त्यांनी दातावर करून बघितलं. त्याआधी दातात काही भरायचं तर खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरावा लागे, म्हणजे भरलेलं अडकून राही. त्यासाठी चांगला दातही बराच खरवडला जाई. चिकटवण्याची विद्या आली आणि चांगला दात वाचायला लागला.

धुऊन झाल्यावर पातळ बाँडिंगचा थर, मग दाताच्या रंगाचं पातळ कंपोझिट, त्यावर तुकडा अगदी बरोबर जागेवर, आणि मग तो निळा दिवा. भाच्याला नारिंगी चष्मा दिला, त्याला तो फार आवडला. कंपोझिट म्हणजे बारीक काचेचे किंवा सिलिकाचे कण घातलेलं रेझिन. असं रेझिन अमेरिकेत राफेल बोवेन यांनी तयार केलं, १९६२ मध्ये त्याचं पेटंट झालं. निळा उजेड पडला की त्यातलं एक द्रव्य जागं होतं आणि लोण्यासारखा लगदा काही सेकंदांत दगड होतो. मग बारीक कडा घासून गुळगुळीत. घासणारं टोक डॉक्टरबाईंनी आम्हाला दाखवलं. निकेलच्या थरात हिऱ्याची भुकटी बसवलेली! मी म्हटलं, ‘सुरतेचा हिरा पोचला म्हणायचा दातापर्यंत.’ डॉक्टरबाई हसल्या, ‘आमच्याकडे येतो तो बहुधा कारखान्यात केलेला. पण काम तेच.’

पाऊण तासानं पोरानं आरसा धरला. जोड कुठं आहे ते मला चष्मा लावूनही नीट दिसेना.

घरी आल्यावर समोरचे रत्नकलाकार भाऊ चौकशीला आले. हिऱ्याचं ऐकून त्यांची छाती फुगली. त्यांच्या-आमच्यात मग बराच वेळ गप्पा झाल्या. त्यातच मला आठवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. बलुचिस्तानात मेहेरगड म्हणून एक प्राचीन वसाहत सापडली आहे. तिथल्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं आढळली, सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. ‘नेचर’ या नियतकालिकात २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. संशोधकांचा अंदाज असा, की मणी भोसकणाऱ्या कारागिरांची ती विद्या असावी. म्हणजे आपल्या उपखंडातला पहिला दंतवैद्य बहुधा एक रत्नकलाकारच! हे ऐकून समोरचे भाऊ जे खूश झाले, दुसऱ्या दिवशी लोचो घेऊन आले.

दोन दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी आईलाही खुर्चीत बसवलं. आई मिशरी लावते. तंबाखूच्या वखारीत उभी हयात गेली, तिथल्या सगळ्याच बायका लावत. हिरड्या मागं सरकलेल्या, दातांच्या मानेशी घासून खाचा पडलेल्या, गार पाणी प्यायलं की कळ. अशा खाचांत त्यांनी ग्लास आयोनोमर भरलं. लोक याला नुसतं ‘सिमेंट’ म्हणतात. काचेची भुकटी आणि एक सौम्य आम्ल कालवलं की ते होतं. लंडनमधल्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते शोधलं, १९७२ च्या सुमारास जगापुढं आलं. दिसायला कंपोझिटइतकं देखणं नाही, चावायच्या जागी लवकर झिजतं. पण ते दाताशी स्वतःहून रासायनिक जोड करतं, ओलाव्याला फारसं भीत नाही आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. वीज नसलेल्या गावात नुसत्या हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून हेच सिमेंट भरायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, ती पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं उचलून धरली. २०२१ मध्ये तर संघटनेनं ग्लास आयोनोमर आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. हे दुसरं म्हणजे एक थेंब. लहान मुलाच्या किडलेल्या दाताला लावला की कीड बहुधा थांबते, ड्रिल नको, सुई नको. फक्त ती जागा काळी होते, म्हणून आयांना आवडत नाही.

‘आणि चांदी भरतात ती?’ आईनं विचारलं. तिच्या एका दाढेत १९८० च्या सुमाराची चांदी अजून टिकून आहे. चांदी म्हणतो खरं, पण त्यात निम्मा पारा असतो. टिकाऊ आणि स्वस्त म्हणून दीडशेहून अधिक वर्षं ती जगभर चालली. आता पाऱ्यापासून पर्यावरण वाचवण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. युरोपीय संघानं २०२५ पासून दातात ती भरणं जवळजवळ बंदच केलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘आजी, तुमची चांगली बसलीय, ती उकरायची नाही. उकरताना उलट पारा उडतो.’ पण मिशरीचं मात्र त्या स्पष्ट बोलल्या. ‘मी भरेन, तुम्ही घासाल, ते पडेल. आणि हे नुसतं दातांचं नाही, तोंडाच्या कॅन्सरचं आहे.’ आईनं मान हलवली. तिची मान हलवणं मला माहीत आहे, त्यामुळे तिची मिशरीची डबी मी त्याच रात्री माझ्या बॅगेत ठेवली. तिनं ती दुसऱ्या दिवशी शोधून काढली, हेही सांगायला हवं.

शेवटी मी बसले खुर्चीत. ब्रिज बघून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पर्याय सांगितले. तासलेले दात काही परत येत नाहीत, कारण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात, म्हणून शरीर ते पुन्हा करू शकत नाही. पण धातूऐवजी झिरकोनियाचा ब्रिज बसवता येईल, काळी रेघ जाईल. झिरकोनिया म्हणजे आपल्या ‘अमेरिकन डायमंड’चंच सख्खं भावंडं. स्फटिकाची घडण तेवढी निराळी. त्याचा खरा गुण असा, की त्यात तडा जायला लागला तर तड्याच्या टोकाशी स्फटिक रूप बदलतो, किंचित फुगतो आणि तडा आवळून धरतो. चिनी मातीच्या कपाला हे जमत नाही. मोजमापही आता तोंडात लगदा कोंबून घ्यायची गरज नाही, छोटा कॅमेरा फिरवतात आणि यंत्र ठोकळ्यातून दात कोरून काढतं. ही कल्पना झ्युरिकमध्ये १९८५ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. मधल्या जागी टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, हाही मार्ग आहे. पण वीस वर्षं रिकामी राहिलेल्या जागेतलं हाड झिजतं, तेव्हा आधी ते पाहावं लागेल. मी म्हटलं, विचार करते. अजून करतेच आहे. पगारातला किती भाग दातावर घालायचा हाही विचारच आहे की!

उठता उठता एक प्रश्न विचारलाच. ‘डॉक्टर, १९९३ मध्ये माझा तो तुकडा चिकटवता आला असता?’

त्या जरा थांबल्या. ‘तंत्र होतं, ताई. तुमच्या गावापर्यंत आलं नव्हतं.’

आई बाकावर बसून ऐकत होती. रिक्षात काही बोलली नाही. घराच्या जिन्यावर, तिसऱ्या मजल्याशी दम खायला थांबली तेव्हा म्हणाली, ‘मला कुणी सांगितलं नव्हतं ग.’ मी म्हटलं, ‘मला माहीत आहे, आई.’ ‘मी शेणाचा गोळा चांगला घट्ट केला होता,’ ती म्हणाली. ‘पहिल्या फेकीत वर गेला होता.’

वाचकहो, या सदरात मी सहसा औषधोपचार सांगत नाही, तो माझा विषय नव्हे. पण डॉक्टरबाईंनी बजावलेल्या काही गोष्टी तुमच्यापर्यंत न पोचवणं म्हणजे माझ्या आईवर जी वेळ आली ती दुसऱ्या कुणावर येऊ देणं. तुकडाच नव्हे, पक्का दात मुळासकट निखळून बाहेर आला तरी तो परत बसू शकतो. मात्र त्याला पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही. माती लागली असेल तर क्षणभर धुवून, मूल मोठं आणि शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथं खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. ते जमलं नाही तर दुधात टाकून धावायचं. अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर आशा चांगली, जितका उशीर तितकी कमी. दुधाचा दात मात्र असा कधीच परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला इजा होते. तो खुशाल कौलावर टाका. बेळगावात दंतवैद्यकाची महाविद्यालयं आहेत, तिथं शिकणारी मुलं शिबिरांना येतात. आपल्या शाळेत बोलवा त्यांना. आमच्या शिबिरात त्या दिवशी निम्मी खुर्च्या रिकाम्या होत्या.

चिकटवलेला दात कायमचा म्हणता येत नाही. पुन्हा मार बसला तर जोड सुटू शकतो, आणि नस वर्षभरानंही मरू शकते. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी आणि मग वर्षानं दाखवायला सांगितलं आहे. पुढच्या दातांनी ऊस, चिक्की, फुटाणे फोडायचे नाहीत. हे ऐकून भावजय म्हणाली, ‘कडले इद्दाग हल्लिल्ला, हल्लिद्दाग कडले इल्ला.’ आईला कन्नड कळतं, बोलता मात्र येत नाही. तिनं लगेच आपल्यातलं सांगितलं, ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.’ दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्या दोघी एका वाक्यावर अशा हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

निघायच्या दिवशी सकाळी ठोकल्याचा आवाज आला म्हणून स्वयंपाकघरात गेले. आई खाली बसून खलबत्त्यात निपाणीहून आणलेली शेंगदाण्याची चिक्की बारीक करत होती, नातवासाठी. डबा भरला, झाकण लावलं. मग थोडी चिक्की वाटीत काढून माझ्यापुढं सरकवली.

‘तूही दाढेनंच खा,’ म्हणाली.